मुलगा गुणी, माणसं अवघड

स्वस्त डॅकमधली (टीव्ही किंवा कॉम्प्युटरच्या डिजिटल आकड्यांचा ॲम्प्लिफायरला कळणारा आवाज करणाऱ्या डबीमधली) चिप बहुतेक वेळा निर्दोष असते, हे मी आधीच तिच्या बाजूने नोंदवून ठेवतो. आकड्यांचा आवाज करायचा, एवढंच तिचं काम, आणि ते ती चोख करते. पण सोयरीक जुळवताना मुलगा एकटा येत नाही, अख्खं घर येतं. तसा चिपबरोबर तिचा वीजपुरवठा येतो, तिची सॉकेटं येतात आणि रात्री खोलीभर उजेड पाडणारा एक निळा दिवाही येतो. दिव्यावर काळ्या चिकटपट्टीचे दोन थर दिले की तो विषय संपतो.

विजेचा विषय मात्र संपत नाही. कॉम्प्युटरच्या यूएसबीतून येणाऱ्या 5 व्होल्टवर आतला सगळा गोंगाट स्वार होऊन येतो. डॅकने तो गाळायला हवा; पण काटकसरीत पहिला बळी गाळणाऱ्या कॅपॅसिटरचा आणि व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरचाच जातो. मग पान खालीवर सरकवलं की स्पीकरमधून किर्रर्र, माउस हलवला की आणखी वेगळा सूर. बासरीच्या सुरावटीत ही साथ कुणी मागितलेली नसते.

एकसुरी घुंई हा वेगळा आजार. ती बहुधा 50 हर्ट्झची किंवा तिच्या पटीतली असते आणि ग्राउंड लूपमुळे येते: कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर अर्थिंगमधून एकदा जोडलेले असतातच, ऑडिओ केबलचं शील्ड, म्हणजे तारेभोवतीचं धातूचं आवरण, त्यांना दुसऱ्यांदा जोडतं आणि त्या वळशात करंट फिरत राहतो. तपासणी सोपी. लॅपटॉपचा चार्जर काढा. घुंई थांबली तर लूपच समजा. मग दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून पाहा. अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला देणारे भेटतील. त्यांना चहा पाजा, पण पक्कड हातात देऊ नका. शॉकपासून वाचवते ती हीच पिन.

खरा उतारा म्हणजे टीव्ही किंवा कॉम्प्युटरपासून डॅकपर्यंत ऑप्टिकल केबल. तोशिबाने 1983 मध्ये आणलेली ही जोडणी प्रकाशावर चालते, मधे तांबं नाही, त्यामुळे लूप तुटतो. आणि मग लोक काय करतात, तर डॅकच्या डबीला वीज त्याच टीव्हीच्या यूएसबी पोर्टातून देतात! झालं, तांबं परत आलं. डबीला मोबाइलचा वेगळा चार्जर द्या, आणि तोही कुरकुरला तर दुसरा लावून बघा.

ऑप्टिकल जोडूनही शांतता असेल, तर आधी केबलच्या टोकांवरच्या पारदर्शक टोप्या काढल्या आहेत का ते बघा. हसू नका, त्या खरंच दिसत नाहीत. दुसऱ्या टोकातून लाल उजेड दिसला म्हणजे टीव्ही काहीतरी पाठवतो आहे. मात्र तो डॉल्बी डिजिटल, म्हणजे आवळून बांधलेला आवाज, पाठवत असेल, तर फक्त पीसीएम, म्हणजे न आवळलेले साधे आकडे, समजणारी डबी गप्प बसते किंवा खरखर करते. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ करा. डबीवर ऑप्टिकल-कोॲक्सिअलचा (कोॲक्सिअल म्हणजे तेच आकडे तांब्याच्या तारेतून) बारकासा स्विच असेल, तर तो नखाने योग्य बाजूला सरकवा. कोॲक्सिअलचं इनपुट आणि ॲनालॉगचं आउटपुट दिसायला सारखेच, आरसीए नावाचे गोल सॉकेट. त्यामुळे केबल उलट्या जागी जाणं ठरलेलंच.

चालू करताना स्पीकरमधून ‘धप्प’ होतं, कारण आउटपुट म्यूट करणारं सर्किट वगळलेलं असतं. ॲम्प्लिफायर सगळ्यांत शेवटी चालू करा आणि सगळ्यांत आधी बंद करा. काही डब्या शांततेत डुलकी घेतात. मग गाणं ‘सा’ गिळून ‘रे’पासून सुरू होतं.

डबीच्या टाइप-सी पोर्टाचं तर विचारूच नका. त्याच्या दोन सीसी पिनांवर (समोर कोण जोडलंय हे ओळखायच्या पिना) प्रत्येकी 5.1 किलोओहमचा एक रेझिस्टर लागतो. तो दिसला तरच समोरचा टाइप-सी चार्जर 5 व्होल्ट सोडतो. उत्पादकाने नेमकी तिथेच बचत केली, तर महागड्या सी-टू-सी केबलवर डबी मेल्यासारखी पडून राहते आणि ए-टू-सी (एका टोकाला जुनं आयताकृती यूएसबी-ए) लावली की टुणकन उठते, कारण ए बाजूला 5 व्होल्ट कुणाला न विचारता हजर असतात. तेव्हा खोक्यात मिळालेली ती वीतभर ए-टू-सी केबल रद्दीत टाकू नका.