फोटो, करडा रंग आणि मढ्यासारखी त्वचा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मनुष्याकृतीच्या तैलचित्रावरच्या लेखाखाली तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, फोटो वापरायला सांगून मी शिकणाऱ्यांना आळशी करतोय. खरे चित्रकार माणूस समोर बसवूनच रंगवतात. दोन, आधी करड्या रंगात चित्र उभं केलं की त्वचा मढ्यासारखी दिसते, आणि पुरावा म्हणून बसलेल्या बाईचं तुमचं चित्रही जोडलंत.

'खरे चित्रकार' म्हणून तुम्ही ब्रिटिश चित्रकार ल्यूसिअन फ्रॉइडचं नाव घेतलंत. कबूल. चित्रकार डेव्हिड हॉकनीच्या २००२ सालच्या व्यक्तिचित्रासाठी फ्रॉइडने हॉकनीला शंभराहून जास्त तास समोर बसवलं होतं. पण फ्रॉइडचाच अनेक वर्षांचा मित्र, चित्रकार फ्रान्सिस बेकन, छायाचित्रकार जॉन डीकिनकडून ओळखीच्यांचे फोटो काढून घ्यायचा आणि रंगवताना माणूस खोलीत नसलेलाच त्याला बरा वाटायचा. फ्रेंच चित्रकार देलाक्रुआने तर १८५४ मध्येच छायाचित्रकार द्युरियूकडून नग्न मॉडेलचे फोटो काढवून घेतले आणि त्यांवरून रेखांकनं केली. तेव्हा फोटो वापरला की चित्रकार खोटा, हे काही टिकत नाही.

फोटो फसवतो, हे मात्र खरं. तो कुठे फसवतो ते सांगायला हवं होतं. ६० सेंमीवरून चेहऱ्याचा फोटो काढला तर नाकाचं टोक कॅमेऱ्यापासून ६० वर आणि कान साधारण ७२ वर. म्हणजे कानाच्या मानाने नाक वीस टक्के मोठं. तीन मीटरवर गेलात की हाच फरक चार टक्क्यांवर येतो. झूमने हे बदलत नाही, अंतराने बदलतं. म्हणून लांब उभं राहायचं आणि नंतर फोटो कापायचा. उभ्या आकृतीसाठी कॅमेरा कमरेच्या उंचीवर. डोळ्यांच्या उंचीवरून जवळून काढला की पाय आखूड आणि डोकं मोठं येतं, आणि मग लोक शरीरशास्त्राची पुस्तकं चाळत बसतात! एकाच प्रकाशात दोन फोटो घ्या, एक उजेडासाठी, एक सावलीसाठी. एकाच फोटोवर विसंबलात तर हनुवटीखाली नुसता काळा डाग उरतो. गळ्यावर छातीकडून परतलेला उजेड त्यात नसतोच. आणि मॉडेल समोर असताना वीस मिनिटांत एक छोटी रंगनोंद करा : कपाळ, गाल, हनुवटीखालची सावली, चार-पाच ठिपके पुरेत. चित्राचा रंग या नोंदीवरून घ्यायचा, स्क्रीनवरून नाही.

तोल मात्र फोटोतूनही तपासता येतो. एका पायावर भार असलेल्या आकृतीत गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो भाराच्या पायाच्या घोट्याजवळ उतरायला हवा. पावलाच्या बाहेर पडला तर आकृती कलंडतेय. जिवंत मॉडेलही थकलं की नकळत भार बदलतं, म्हणून पावलांभोवती खडूने खुणा आणि दर वीस मिनिटांनी विश्रांती.

आता करडा रंग. तुमच्या चित्रात कानशिलाजवळ बघा. तिथला करडा निळसर आहे, म्हणजे बहुधा आयव्हरी ब्लॅक आणि टायटॅनियम व्हाइट. वर गालापर्यंत एकसारखा गुलाबी थर, त्यातही पांढरा. खडूसारखा फिकेपणा येतो तो इथे. दोष करड्याचा नाही, त्याच्यावर अपारदर्शक गुलाबी सगळीकडे फासण्याचा. करडा कानशिलावर, जबड्याच्या खाली, उजेड वळतो तिथे उघडा राहिला तर शेजारच्या उबदार रंगामुळे तोच निळसर, जिवंत वाटतो. स्वीडिश चित्रकार आन्डर्स झोर्नची गाजलेली रंगपेटी एवढ्याचवर उभी आहे : यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), आयव्हरी ब्लॅक, पांढरा. निळा नाहीच, ऑकरशेजारी काळ्या-पांढऱ्याचा करडाच निळ्याचं काम करतो.

दुसरी चूक सावल्यांत. खालचा थर तुम्ही पूर्ण गडद केलात, मग त्यावर पारदर्शक रंग चढवलात. पारदर्शक थर प्रत्येक छटा आणखी गडद करतो. म्हणून खालचं चित्र अंतिम छटेपेक्षा एक-दोन पायऱ्या उजळच ठेवायचं. काळ्याऐवजी रॉ अंबर (मातकट तपकिरी) आणि पांढरा घ्या. अंबर मॅंगनीजमुळे लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक तेल खूप पितो, उशिरा वाळतो, आणि त्यावर लवकर वाळणारा थर चढला की पुढे भेगा पडतात. खाली टर्पेंटाइन जास्त, वर जवसाचं तेल जास्त, हा क्रम उलटा करू नका.

कॅमेऱ्याच्या अंतराचा मुद्दा लेखात राहून गेला होता, तो आता घातलाय. तुमचं चित्र टाकून देऊ नका. बोटाला चिकट लागत नाही इतकं वाळू द्या. मॅट पडलेल्या भागांवर जवसाचं तेल कापडाने चोळा आणि पुसून काढा, ओलसर चकाकी तेवढी राहू द्या. मग गालाच्या उजेडात ऑकर, थोडा व्हर्मिलियन आणि पांढरा जाडसर लावा. सावलीत पांढरा अजिबात नको, तिथे बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) यांचा पातळ थर, तोही खालचा करडा दिसत राहील इतकाच. कानशिलाला हात लावू नका.