शनिवारी नखं कापू नयेत

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २१ किलोमीटरची. जाताना यवतेश्वरचा घाट चढायचा, येताना तोच उतरायचा. चढताना फुप्फुसं बोंबलतात हे सगळे सांगतात. उतरताना पायाची बोटं बोंबलतात, हे मात्र कुणी सांगत नाही.

शर्यत रविवारी. मी शनिवारी संध्याकाळी नेलकटर घेऊन बाल्कनीत बसलो, तर आतून आईचा आवाज आला. "शनिवारी? आणि तेही तिन्हीसांजेला?" वय वर्षं त्रेचाळीस, तरी मी मुकाट्याने नेलकटर ड्रॉवरमध्ये टाकलं.

त्यात बूट नवे. सकाळी दहाला दुकान उघडताच घेतलेले, चापून बसणारे. धावताना पाय सुजतो. म्हणून बूट संध्याकाळी, धावायचे मोजे घालून, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडून घ्यायचे असतात. हे ज्ञान नख गेल्यावर येतं. शिवाय माझं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब. बाईचं तसं असलं तर ती नवऱ्याला धाकात ठेवते म्हणतात. पुरुषाचं असलं तर बूट त्याला धाकात ठेवतो.

घाट उतरताना दर पावलाला पाय बुटात पुढे सरकायचा आणि नख टोकावर आदळायचं. टक. टक. टक. पार साताऱ्यापर्यंत.

मोजा काढला तेव्हा शेजारचं बोट जांभळं आणि अंगठ्याचं नख पिकल्या करवंदासारखं. रात्री चादरसुद्धा टेकवेना. छातीत एक ठोका, अंगठ्यात एक ठणका. आईने हळद आणली. खालच्या मजल्यावरचे काका प्रेमाने म्हणाले, "पक्कड आहे माझ्याकडे."

सोमवारी सकाळी डॉक्टर गाठले. "रक्त साकळलंय, बाहेर यायला वाट नाही, म्हणून ठणकतंय." शेजारचं बोट दुखत नव्हतं, त्याला त्यांनी हातही लावला नाही. अंगठ्याकडे मात्र तापवलेली सुई घेऊन निघाले. मी खुर्चीत वर सरकलो. "अहो, नख मेलेलंच असतं!" बारीकसा धूर, जळक्या केसांचा वास, काळ्या रक्ताचा टपोरा थेंब, आणि ठणका गायब! त्या क्षणी मी त्यांच्या पाया पडलो असतो, पण वाकलो की अंगठ्यावर भार येत होता.

"आणखी दोन दिवस थांबला असता तर रक्त गोठलं असतं, मग भोक पाडूनही उपयोग नव्हता. मधुमेह?"

"नाही."

"नखं का वाढवली होती?"

"शनिवार होता."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी कापायची. सरळ. कोपरे कोरायचे नाहीत. आणि हे नख उपटायचं नाही, आपलं आपण पडेल."

पक्कड परत गेली. आता मी बुटाची नाडी अगदी वरच्या भोकातून ओवून टाच आवळतो, म्हणजे उतारावर पाय पुढे घसरत नाही. नवं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर सरकतंय. पुरं यायला वर्ष-दीड वर्ष.

जुनं दोन महिन्यांनी मोज्यातच राहिलं. कॅलेंडर पाहिलं, शनिवार. आईला सांगितलं.

"तू कापलं नाहीस ना? मग चालतं."