दशांश आणि ‘दसपट परतीचा’ मेसेज

पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: उत्पन्नाचे दहा टक्के चर्चला दिले की देव दसपट परत करतो, न देणाऱ्याच्या घरी आजारपण येतं. आधाराला बायबलमधलं वचन, मलाखी ३:१०.

हा अर्थ चुकीचा आहे. त्या वचनात भरभरून आशीर्वादाचं अभिवचन आहे, दसपटीचा आकडा नाही. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, हा मोशेच्या नियमशास्त्रातला. तो लेव्यांसाठी, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशासाठी होता, कारण त्यांना जमिनीत वाटा नव्हता. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश परके, अनाथ आणि विधवांनाही मिळे (अनुवाद १४). म्हणजे ज्या विधवेला आज आजारपणाची भीती घालतात, तिलाच तो द्यायचा होता! हे वाचून मला खरंच वाईट वाटतं.

प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांकडे मदत मागितली, तेव्हा टक्केवारी सांगितलीच नाही. मनात ठरवाल तेवढं आनंदाने द्या, भाग पडतं म्हणून देऊ नका, असं लिहिलं (२ करिंथ ९:७). मासेदोनिया प्रांतातल्या मंडळ्यांनी (चर्चनी) तर अत्यंत दारिद्र्यात, ऐपतीबाहेर दिलं. तेही स्वखुशीने.

आपल्याच जिल्ह्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात शेकडो मुली-विधवांना आसरा दिला. देव पुरवील या भरवशावर. परतफेडीचा हिशेब त्यात कुठे होता?

दशांश आनंदाने देणाऱ्यांनी जरूर द्यावा. पण कर्ज काढून किंवा औषधाचे पैसे वळवून कुणी देत असेल, तर आधी पाळकांशी बोला. आणि तो मेसेज पुढे पाठवू नका.