फिलिस आणि अ‍ॅरिस्टॉटल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अ‍ॅरिस्टॉटलच्या पाठीवर स्वार झालेल्या फिलिसचं लिओनार्दो दा विंचीचं रेखाटन मी माझ्या लेखात 'स्त्रीचा विजय' म्हणून मांडलं, यावर तुमचा आक्षेप आहे. ही गोष्ट पुरुषांनी पुरुषांना सावध करायला रचली, तिच्यात बाईची बदनामीच आहे, असं तुम्ही म्हणता.

यातलं निम्मं मला पटलं. 'विजय' हा शब्द मी मागे घेते. अ‍ॅरिस्टॉटल इ.स.पू. 322 मध्ये वारला आणि ही गोष्ट युरोपात पसरली ती तेराव्या शतकात, त्यातही धर्मोपदेशकांच्या प्रवचनांतून. गोष्ट अशी: अलेक्झांडर फिलिसमध्ये गुंतला म्हणून त्याचा गुरू अ‍ॅरिस्टॉटल याने त्याला तिच्यापासून तोडलं. चिडलेल्या फिलिसने गुरूलाच भुलवलं, घोडा व्हायला लावलं आणि अलेक्झांडरला ते दिसेल अशी तजवीज केली. पकडला गेल्यावर गुरू काय म्हणतो? माझ्यासारख्या म्हाताऱ्याची ही गत, मग तुझ्यासारख्या तरुणाचं काय होईल! म्हणजे फजिती झाली तरी शहाणपण सांगायचा मान त्याचाच. फिलिसचा राग खरा होता, पण त्याबद्दल कुणी तिला विचारत नाही. हे मी लेखात लिहायला हवं होतं.

पण चित्रं मला प्रवचनांहून वेगळी वाटतात. जर्मन चित्रकार हान्स बाल्डुंगचं 1513 सालचं वुडकट, म्हणजे लाकडी ठशावरून छापलेलं चित्र, बघा. त्याच्याआधी पंचवीसेक वर्षं याच प्रसंगाचं एक चित्र छापलं गेलं होतं, त्यात दोघंही अंगभर कपड्यांत आहेत. बाल्डुंगने दोघांनाही विवस्त्र केलं. झगा गेला तशी पंडिताची ओळखही गेली. उरला तोंडात लगाम घेतलेला, हातापायांवर रांगणारा एक म्हातारा. पुरुषाने राज्य करावं आणि स्त्रीने ते मानावं हा निसर्गच आहे, असं याच माणसाने 'पॉलिटिक्स' या ग्रंथात लिहून ठेवलं होतं आणि बाल्डुंगच्या काळात युरोपातल्या विद्यापीठांत त्याचा शब्द प्रमाण होता. त्या तोंडात लगाम! चित्र बघणाऱ्या शिकलेल्या माणसाला हे जाणवलं नसेल, असं मला वाटत नाही. बाईला नावं ठेवायला काढलेल्या चित्रात पंडिताचा सिद्धान्तच उताणा पडलेला दिसतो.

आता लिओनार्दोचा तो कागद, जो हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात आहे. त्याच्या मागच्या बाजूला त्याने नुसते सुटे शब्द लिहिलेत: सुख, दुःख, प्रेम, मत्सर, हेवा, नशीब, प्रायश्चित्त. ते मी पहिल्यांदा वाचले तेव्हा कागद उलटून पुन्हा पुढचं चित्र पाहिलं आणि हेवा कुणाचा, प्रायश्चित्त कुणाचं, हे दोघांपैकी एकाच्याच नावावर मला टाकता येईना. माझ्या लेखात यायला हवी होती ती ही अडचण. या आठवड्यात तो भाग मी नव्याने लिहिते आहे. फिलिसच्या रागापासून सुरुवात करणार आहे.