यूडेव्हच्या नियमात बॅकअप चालवू नका

‘लिनक्सवर यूडेव्हचा एक नियम लिहा, त्याच्या “रन”मध्ये बॅकअपची स्क्रिप्ट द्या, ड्राइव्ह लावला की बॅकअप आपोआप.’ हा सल्ला बरेच जण एकमेकांना देतात. (यूडेव्ह म्हणजे लिनक्सचा तो भाग, जो ड्राइव्हसारखं उपकरण लावलं किंवा काढलं की त्यासाठी लिहिलेले नियम चालवतो; ‘रन’ म्हणजे नियमात प्रोग्रॅमचं नाव द्यायची जागा.) त्यावर विसंबलेल्या माणसाला गरज पडेल त्याच दिवशी बॅकअप अर्धवट सापडतो, म्हणून हे लिहितोय.

‘रन’मधून स्क्रिप्ट सुरू होते, हे खरं. पण ती जागा क्षणात उरकणाऱ्या कामांसाठी आहे. एका घटनेला, म्हणजे उपकरण लावल्या-काढल्याच्या एका नोंदीला, यूडेव्ह मुळात १८० सेकंद देतो, नंतर प्रक्रिया (चालू असलेला प्रोग्रॅम) मारतो. दोनशे जीबीचं आरसिंक (फायलींची नक्कल करणारा प्रोग्रॅम) त्यात कसं बसणार? ‘मग स्क्रिप्ट बॅकग्राउंडला ढकला’ हेही चालत नाही. घटना हाताळून झाली की मागे राहिलेल्या प्रक्रियाही मारल्या जातात. यूडेव्हच्या मॅन पेजवर, म्हणजे त्याच्या अधिकृत माहितीपानावर, हे स्पष्ट लिहिलं आहे.

‘त्याच स्क्रिप्टमध्ये माउंट करा.’ माउंट म्हणजे ड्राइव्ह एका फोल्डराला जोडणं. सगळ्यात घातक भाग हाच. सिस्टमडी (लिनक्समधल्या सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) यूडेव्हला सँडबॉक्समध्ये, म्हणजे मर्यादित हक्कांच्या कुंपणात, चालवतो आणि तिथून माउंट करायला परवानगी नसते. माउंट फसलं आणि स्क्रिप्टने ते तपासलं नाही, तर आरसिंक माउंटच्या रिकाम्या फोल्डरातच, म्हणजे मूळ डिस्कवरच, फायली ओततो. डिस्क गेली की मूळ फायलीही गेल्या आणि बॅकअपही.

‘ड्राइव्ह एसडीबी१ या नावाने ओळखा.’ हे नाव डिस्क सापडण्याच्या क्रमावर ठरतं. दुसरा पेन ड्राइव्ह आधी लागला असेल तर बदलतं. फाइलसिस्टिमचा यूयूआयडी (तिचा न बदलणारा ओळख क्रमांक) वापरा. मात्र नियमांच्या फायली नावातल्या क्रमांकानुसार वाचल्या जातात आणि तो ६० क्रमांकाच्या नियमांमध्ये भरला जातो, त्यामुळे तुमची फाइल १० ने सुरू होत असेल तर नियम कधीच जुळणार नाही. ९० ठेवा.

नियमाने फक्त ड्राइव्ह ओळखावा, त्याला ‘सिस्टमडी’ हा टॅग लावावा आणि ‘सिस्टमडी_वाँट्स’मध्ये सर्व्हिसचं, म्हणजे सिस्टमडीने सुरू करायच्या बॅकअपच्या कामाचं, नाव द्यावं. सर्व्हिस ‘वनशॉट’ (एकदा चालून संपणाऱ्या) प्रकारची ठेवली तर तिला मुळात वेळेची मर्यादा नसते. माउंट तिथे करा, आणि ते झालं नाही तर तिथेच थांबा. स्क्रिप्ट तुमच्या मशीनवरच असू द्या. ड्राइव्हवरची फाइल रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या) हक्काने चालवणं म्हणजे कुणाच्याही ड्राइव्हला घर मोकळं करून देणं.

राहिला ‘रिमूव्ह’च्या, म्हणजे ड्राइव्ह काढल्यावर चालणाऱ्या, नियमात अनमाउंट करण्याचा सल्ला. ती घटना येते तेव्हा ड्राइव्ह निघून गेलेला असतो आणि कॅशमध्ये (मेमरीत) अडकलेलं लिहायला जागाच उरत नाही. आरसिंक संपला की अनमाउंट सर्व्हिसनेच करावं, आणि ते झाल्याची सूचना स्क्रीनवर आल्यावरच केबल काढावी.