पर्वरीच्या रांगेचे बिल कोणाच्या नावावर फाडायचे?

म्हापशाहून पणजी जेमतेम तेरा किलोमीटर आहे, आणि परवा हे अंतर कापायला माझ्या छापखान्याच्या टेंपोला एक तास पन्नास मिनिटे लागली. टेंपोत लग्नाच्या पाचशे पत्रिका होत्या. वरपक्षाची मंडळी साडेअकराला पहिली पत्रिका देवापुढे ठेवणार होती, आणि साडेअकराला आमचा चालक वाटेतल्या पर्वरीत, ओ कोकेरो चौकाच्या अलीकडे, सिमेंटच्या एका ट्रकमागे अडकून फोनवर माझ्या शिव्या खात होता. त्या शिव्या खरे तर त्याच्या वाट्याच्या नव्हत्या. ज्यांच्या वाट्याच्या होत्या, त्यांच्या गाड्यांना पोलीस वाट करून देतात.

रस्ता आपल्याला फुकट मिळतो असे ज्याला वाटते, त्याने एकदा माझी कागदपत्रे पाहावीत. टेंपोचा रस्ता कर भरतो, घरच्या गाडीचा भरला तो वेगळा. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने पेट्रोल आणि डिझेलच्या प्रत्येक लिटरवर आठ रुपयांचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर बसवला. पुढे तो आकडा चढला, उतरला, पण उपकर काही गेला नाही. राज्याचा मूल्यवर्धित कर त्यावर आणखी. (२०१२ साली मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा हा कर जवळजवळ शून्यावर आणला होता, हे आज मुलांना सांगितले तर त्यांना दंतकथा वाटते.) पण खरा संताप होतो तो याचा, की रांगेत इंजिन चालू ठेवून उभा असलेला टेंपो जे डिझेल जाळतो, त्यावरही तोच रस्त्याचा उपकर लागतो. म्हणजे रस्ता जितका कमी मिळेल, तितके रस्त्याचे पैसे जास्त!

हे झाले तिजोरीत जाणारे पैसे. जे कोणाच्याच तिजोरीत जात नाहीत, त्यांचा हिशेब कोणी मागत नाही, म्हणून मीच मांडतो. चालकाचा पगार, हप्ता, विमा आणि डिझेल धरून माझा टेंपो दिवसाला सुमारे चोवीसशे रुपये खातो. पूर्वी त्याच्या पणजीला दिवसात तीन फेऱ्या व्हायच्या, म्हणजे फेरी आठशेला पडायची. आता कशाबशा दोन होतात, म्हणजे बाराशे. माल तोच, अंतर तेच, माणूस तोच, आणि खर्च दीडपट. हे वरचे चारशे रुपये ना चालकाला मिळाले, ना मला, ना सरकारला. टोलनाक्यावर दिलेल्या पैशांची निदान पावती तरी मिळते.

आणि रोज ठरलेला एक तास लागत असता, तरी मी तो मुकाट्याने गिळला असता. परंतु मंगळवारी पस्तीस मिनिटे लागतात आणि गुरुवारी पावणेदोन तास, त्यामुळे रोजच गुरुवार समजून निघावे लागते. ज्याला न्यायालयाची तारीख गाठायची आहे, ज्याला बांबोळीच्या इस्पितळात रुग्ण न्यायचा आहे, ज्याची दोन मिनिटांच्या उशिराला अर्ध्या दिवसाची रजा कापली जाते, तो प्रत्येक जण घरून तासभर आधी निघतो, आणि रस्ता मोकळा मिळाला तर तो तास पणजीत चहाच्या टपरीवर वाया घालवतो. वेळेआधी पोहोचलेल्या माणसाचा वाया गेलेला हा तास कोंडीच्या कोणत्याही हिशेबात येत नाही.

पर्वरीतील ज्या उड्डाणपुलाच्या कामापायी ही रांग लागते, त्या पुलाला माझा विरोध नाही. तो हवाच होता. माझा आक्षेप इतकाच आहे की राष्ट्रीय महामार्ग उखडण्याआधी बाजूचे रस्ते नीट करावेत, खड्डे बुजवावेत, फलक लावावेत, एवढी साधी गोष्ट कोणाला सुचली नाही. सुकूर आणि साल्वादोर दु मुंदच्या गल्ल्यांमधून आता ट्रक घुसतात, आणि तिथल्या लोकांना स्वतःच्या फाटकातून गाडी बाहेर काढता येत नाही. गंमत म्हणजे राज्याची विधानसभा याच पर्वरीच्या पठारावर आहे. २०१९ मध्ये मांडवीवर अटल सेतू झाला, २०२२ च्या डिसेंबरात नव्या जुवारी पुलाची पहिली बाजू खुली झाली, आणि प्रत्येक वेळी आता कोंडी सुटली असे आम्हाला सांगण्यात आले. गाठ सुटत नाही, ती पुढच्या चौकात सरकते. शिवाय अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे ज्या स्कूटरवाल्याच्या पेट्रोलवरही उपकर लागतो, त्याने तो पूल खालूनच पाहायचा.

यावर शहाणी माणसे सांगतात की गर्दीच्या वेळी रस्ता वापरण्याचे दाम लावा. तत्त्व मला पटते, कारण भरलेल्या रस्त्यावर शिरणारी प्रत्येक गाडी मागच्या शेकडो लोकांचा वेळ खाते आणि स्वतः त्याचे काहीच मोजत नाही. सिंगापूरने १९७५ मध्ये आणि लंडनने २००३ मध्ये हे केले. पण लंडनने त्याबरोबर बसगाड्याही वाढवल्या. इथे रात्री आठनंतर आतल्या गावाकडे जाणारी बस शोधून दाखवा! पर्याय न देता लावलेले दाम म्हणजे निव्वळ दंड, आणि तोही पुन्हा ज्यांना घरी बसणे परवडत नाही त्यांनाच.

शेवटी गेल्या आठवड्यात मी एका गिऱ्हाइकाच्या बिलात नवी ओळ घातली: "पणजी पोहोच, दीडशे रुपये." गृहस्थ भल्या स्वभावाचे, वीस वर्षांचे संबंध, ते चिडले नाहीत. एवढेच म्हणाले, "राहू दे हो, पुढच्या वेळेपासून मीच माझी गाडी घेऊन म्हापशाला येत जाईन."