‘गटबिट कशाला, गोळी घ्या की’: एका फिरत्या मेसेजला उत्तर

सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या, ज्येष्ठ नागरिक संघांच्या आणि सकाळी तळजाईला फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मधुमेहाबद्दलचा एक मजकूर फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. मधुमेहींचे मदतगट, आहार-व्यायामाचे वर्ग, शिबिरं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. साखर उतरते ती गोळीने. गटात जाऊन उतरलीच तर सहा महिन्यांत पुन्हा होती तिथे. मनाला आधार वगैरे नुसते चोचले, आमच्या आजीला कुठे होता गट? आणि शेवटी म्हणे मधुमेह मुळातून घालवता येतो, मग जन्मभर गटात बसायचं कशाला?

मी कोथरूडच्या एका गटात नेमाने जाते, त्यामुळे माझा कल कुणीकडे आहे ते उघडच आहे. तरीही यातला एक मुद्दा बराचसा खरा आहे. आधी तोच घेते.

‘सहा महिन्यांत पुन्हा होती तिथे’

हे काही हवेत सोडलेलं विधान नाही. २००२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मधुमेह-शिक्षणाचे तोवर झालेले प्रयोग एकत्र करून पाहिले. वर्ग संपल्या संपल्या तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ०.७६ अंकांनी कमी झालेली दिसली. पुढच्या एक ते तीन महिन्यांत हा फायदा ०.२६ वर आला. इंग्लंडमध्ये नव्याने मधुमेह कळलेल्या लोकांसाठी डेस्मंड नावाचा सहा तासांचा वर्ग घेतला गेला. तीन वर्षांनी तपासलं तर वर्गाला बसलेल्यांच्या आणि न बसलेल्यांच्या साखरेत फरक नव्हता.

मेसेज लिहिणारा इथेच थांबतो. पण २००२च्या त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट आहे. फायदा कशावर अवलंबून होता, तर माणूस शिकवणाऱ्याच्या संपर्कात किती तास राहिला यावर. एचबीए१सी एका अंकाने उतरायला सरासरी साडेतेवीस तासांच्या आसपास लागले. म्हणजे टिळक रोडवरच्या एखाद्या हॉलमध्ये रविवारी सकाळी शिबिर, नाश्त्याला मोड आलेली मटकी, हातात एक फोल्डर आणि राम राम, एवढ्याने काही होत नाही हे खरंच आहे. निष्कर्ष मात्र ‘गट निरुपयोगी’ असा निघत नाही, ‘एका दिवसाचा गट हा गटच नाही’ असा निघतो. आणि मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची नेहमीची गोळी, बंद केली की साखर चढतेच की. म्हणून मेटफॉर्मिन थोतांड आहे असं कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता लांबच्या पल्ल्याचं. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ साली ३३ दवाखान्यांमधून ५७७ माणसं निवडली. त्यांना अजून मधुमेह झालेला नव्हता, पण साखर उंबरठ्यावर होती. काही दवाखान्यांत आहार, काहींत व्यायाम, काहींत दोन्ही, असं गटागटाने सहा वर्षं शिकवलं. उरलेल्यांना नेहमीचीच सेवा. १९९२ला कार्यक्रम संपला, पण संशोधक या लोकांचा माग काढत राहिले. वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा मृत्यूंमध्ये फरक आहे असं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. तेवीस वर्षांनी तो दिसला. तीस वर्षांचा हिशेब २०१९ साली छापून आला: शिकवलेल्यांना मधुमेह सरासरी चार वर्षं उशिरा झाला, हृदयविकाराने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी, डोळे-मूत्रपिंडांसारख्या ठिकाणच्या बारीक रक्तवाहिन्यांची दुखणी ३५ टक्क्यांनी कमी, आयुष्य सुमारे दीड वर्षाने जास्त.

सहा महिन्यांनी रिपोर्ट बघून हात झटकणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं. दाचिंगची माणसं मधुमेहाच्या अलीकडची होती, आपल्या गटातले बहुतेक पलीकडचे, हा फरक मला मान्य आहे. तो पुढच्या मुद्द्यात येतोच.

‘साखर गोळीनेच उतरते’

यावर फार वेळ घालवत नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आहार-व्यायामाच्या सल्ल्याने आणि पाठपुराव्याने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी. दोन्ही एकत्र देऊन जास्तीचं काही मिळालं नाही.

मधुमेह झालेल्यांचं काय? अमेरिकेत ‘लुक अहेड’ नावाच्या अभ्यासात जाडी जास्त असलेले ५,१४५ मधुमेही होते. वर्षानुवर्षं गटाने आणि एकेकट्याने भेटून त्यांना वजन उतरवायला मदत केली. हार्ट अटॅक आणि पक्षाघात कमी होतील हा अंदाज सपशेल चुकला. २०१२ साली तो कार्यक्रम थांबवला. गटांची बाजू घेणारे हे सांगायचं टाळतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. पण त्याच लोकांमध्ये मूत्रपिंड गंभीरपणे बिघडण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी निघालं, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास घटला, औषधं कमी लागली, उदासीची लक्षणंही कमी झाली. डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला विचारा, हा फायदा लहान आहे का.

शिवाय गोळी किंवा इन्सुलिन नीट घेणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. आमच्याकडे एक काका यायचे. इन्सुलिनचा डोस चढत चाललेला, तरी साखर कधी चारशेला तर कधी घाम फुटून सत्तरच्या खाली. डॉक्टरांकडे मिळणाऱ्या पाच मिनिटांत डोसचीच चर्चा व्हायची. गटातल्या एका जुन्या काकू म्हणाल्या, “भाऊ, सुई कुठे टोचता ते दाखवा बरं.” बेंबीच्या उजवीकडे दोन बोटं, रोज तिथेच. हात फिरवला तर लिंबाएवढी मऊ गाठ. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे चरबीची गाठ धरते, दुखणं कमी होतं म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो, आणि गाठीतून इन्सुलिन कधी कमी तर कधी एकदम रक्तात जातं. काकूंनी लगेच बजावलंही, “जागा बदलाल तेव्हा आधी डॉक्टरांना विचारून डोस कमी करून घ्या, नाहीतर चांगल्या जागी तेवढंच इन्सुलिन जोरात लागेल.” हे ज्ञान गोळीच्या पाकिटावर छापलेलं नसतं.

पायांचंही तसंच. पालख्या पुण्यात आल्या की आमच्यातले चार-सहा जण दिवेघाटापर्यंत चालायला निघतात. आदल्या भेटीत एकमेकांचे तळवे बघण्याचा कार्यक्रम असतो. ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे त्याला बुटात गेलेला खडा कळत नाही, घाटात पोचल्यावर रक्त दिसतं. ‘पाय दाखव’ म्हणायला घरचे लाजतात. इथे कुणी लाजत नाही.

‘मनाचे चोचले’

आजीला गट नव्हता हे खरं. आजीचा अंगठा का कापावा लागला तेही घरात कुणी कधी बोललं नाही.

मधुमेहींमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट असतं, हे पाश्चात्त्य पाहण्यांनी दाखवून खूप वर्षं झाली. पण नैराश्याहून वेगळं असं एक ओझं असतं. रोज बोट टोचा, रोज हिशेब करा, लग्नात पंगतीला वाढपी जिलबी घेऊन आला की शेजारचा ओरडणार, “अहो, त्यांना नको, त्यांना शुगर आहे!” आकडा वाढला की आपणच गुन्हेगार. हे ओझं मोजायला अमेरिकेतल्या विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रश्नावली तयार केली. पुढच्या अभ्यासांत असं दिसलं की साखर बिघडण्याशी नैराश्यापेक्षा या ओझ्याचा संबंध जास्त आहे. म्हणजे मन हा मधुमेहाचा बाहेरचा विषय नाही.

आणि इथेच डेस्मंडचा राहिलेला अर्धा भाग सांगायला हवा. तीन वर्षांनी साखरेतला फरक पुसला गेला होता, पण आजाराकडे बघण्याची दृष्टी बदलली होती ती टिकली. हा आजार माझ्या हातात कितपत आहे, तो किती दिवसांचा सोबती आहे, याची समज वर्गाला बसलेल्यांमध्ये तीन वर्षांनीही वेगळी होती. इटलीत तूरिनला टाइप २ मधुमेहींना पाच वर्षं गटानेच तपासलं आणि शिकवलं. तिथे एकेकट्याने दाखवणाऱ्यांची साखर हळूहळू चढत गेली, गटातल्यांची जागेवर राहिली, आणि त्यांचं जगणंही त्यांच्याच सांगण्यानुसार सुधारलं. चढू न देणं हीच पाच वर्षांची कमाई. रिपोर्टवर ती ‘फरक नाही’ अशी दिसते!

अपराधी भावनेचं औषध तर आपल्याच गावात तयार झालं. पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका ब्रिटिश सहकाऱ्यासोबत काढलेला फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३, पण ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये त्यांनी जो अभ्यास चालवला, त्यात आपली बाळं वजनाने लहान असूनही चरबी राखून जन्मतात असं दिसलं. म्हणजे सडपातळ माणसाला मधुमेह झाला तर तो नुसता गोड खाण्याचा दोष नव्हे. गटात हे सांगितलं तेव्हा एक सडसडीत बाई रडल्या. ‘तू गोड खातेस म्हणून’ हे त्यांना सासरी इतकी वर्षं ऐकवलं गेलं होतं.

सगळे गट असे नसतात. चारचौघांत वजनकाट्यावर उभं करून आकडा मोठ्याने वाचणारेही गट मी पाहिले आहेत. तिथे जाऊन माणूस खचतो, हे मेसेजवाल्याने लिहिलं असतं तर मी सही केली असती. आमच्याकडे निदान हसायला परवानगी आहे. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी खाऊन दोन तासांनी मीटर लावलेल्या एका काकू आकडा बघून म्हणाल्या, “अगं बाई, हा उपास होता की पारणं?” पुढच्या चतुर्थीला त्यांनी वाटी छोटी घेतली, कुणी न सांगता.

‘रिव्हर्स करा, मग गट कशाला?’

ब्रिटनमधल्या डायरेक्ट अभ्यासात वजन उतरवण्यासाठी कडक कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर वर्षानंतर औषधाशिवाय ताळ्यावर होती. ही मोठी गोष्ट आहे, आणि मधुमेह मागे सरकतच नाही म्हणणाऱ्यांना ती ऐकवलीच पाहिजे. दोन वर्षांनी मात्र हे प्रमाण ३६ टक्के झालं, आणि पुढेही उतरत गेलं. ज्यांचं वजन परत आलं त्यांची साखरही परत आली. डॉक्टर या अवस्थेला बरं होणं म्हणत नाहीत, तपासण्या चालूच ठेवायला सांगतात. म्हणजे सगळ्यात जास्त सोबत लागते ती रिव्हर्स झाल्यानंतर.

पुण्यात अशा कार्यक्रमांना तोटा नाही. गोळ्या सुटलेल्यांचा स्टेजवर सत्कार होतो, शाल-श्रीफळ, फोटो. त्यातल्या एखाद्याची साखर दोन वर्षांनी पुन्हा वाढते, तेव्हा तो लाजेने त्या बाजूला फिरकत नाही, डॉक्टरांकडेही जायचं टाळतो. फी भरण्याआधी तिथल्या माणसांना एवढंच विचारा: ज्यांची साखर परत चढली, त्यांना फोन कोण करतं?